फिरत्या शाखेच्या दोन खिडक्या

नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातल्या धाकटीने मला फोनवरून परीक्षेला बसवलं. ती तिकडे बँकेच्या अ‍ॅपचे स्क्रीन कसे असावेत, कोणतं बटण कुठे असावं, हे ठरवण्याचं काम करते. नवं अ‍ॅप साध्या माणसांना वापरता येतं का हे बघायला तिला काही म्हातारी माणसं हवी होती आणि एक घरातच होती. मला सांगितलं होतं की खात्यातली शिल्लक शोधून दाखव. मी घराचं छोटं चित्र दाबलं. वाटलं, घरपट्टीचं काही असेल, पण निदान त्याच्या आसपास शिल्लकही असेल. ते निघालं पहिल्या पानावर परत नेणारं. तीनदा दाबलं, तीनदा परत पहिल्या पानावर. मी म्हटलं, "चुकलं गं माझं." तर ती म्हणाली, "आजी, तू नाही चुकलीस, चित्र चुकलंय. तेच तर आम्ही शोधतोय."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत असं कोणी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा एकेकाळी हेच काम केलं आहे. तुम्हांला ते माहीत नाही, कारण तेव्हा त्या कामाला नाव नव्हतं आणि जे घडलं ते घरी येऊन सांगण्यासारखं नव्हतं. तुमच्या आजोबांना निम्मंच ठाऊक होतं. आता ज्यांना वाईट वाटलं असतं त्यांच्यापैकी कोणी उरलेलं नाही. धाकटीला तिच्या कामात उपयोग होईल म्हणून लिहिते. बाकीच्यांनी हसायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. आम्ही तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात राहत होतो आणि मी एका लहानशा सहकारी बँकेत अधिकारी होते. बँकेचं नाव लिहीत नाही. बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलं की खेड्यातली माणसं बँकेत येत नाहीत, तर बँकेनेच खेड्यात जावं. एक जुनी मिनीबस घेतली, आतली बाकं काढली, पैशांची पेटी ठोकून बसवली आणि डाव्या अंगाला दोन खिडक्या कापल्या. एक पैसे भरायची, एक पैसे काढायची. मागे चढण्या-उतरण्याचं दार होतं, त्याला स्टेपनी लटकवलेली. तिला आम्ही फिरती शाखा म्हणायचो. आठवडे बाजाराच्या दिवशी ती त्या-त्या गावी जाऊन उभी राहायची.

फिरत्या शाखेत आम्ही तिघं. मी, धुळ्याचे एक वयस्कर कॅशियर, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि ड्रायव्हर भाऊ, जे शिपायाचं आणि राखणदाराचंही काम करायचे. आबांनी आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता आणि नियम कशासाठी आहे असंही कधी विचारलं नव्हतं.

फॉर्म मात्र शहरातल्या शाखेचेच होते. त्यांत "आहरण", "आदाता", "निम्नस्वाक्षरीकार" असले शब्द होते. ते मलाही एकदा वाचून कळत नसत. अध्यक्षांनी मला बोलावलं. अध्यक्ष रावेरकडचे मोठे केळीवाले होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो.

"मॅडम, तुम्ही इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्या ना?"

"हो नाना. धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात."

"मग हे सगळं सोपं करून द्या."

इंग्रजी शिकलेल्या माणसाला मराठी सोपं करता येईल, हे त्यांनी कशावरून ठरवलं ते मी विचारलं नाही. मी फॉर्म हातात घेतले. शब्द बदलले: "काढायचे पैसे", "कोणाला द्यायचे", "इथे सही किंवा अंगठा". एका पानाचा फॉर्म अर्ध्या पानाचा केला. मंडळाने तो मंजूर केला. पण नाना म्हणाले, "वाचता येणाऱ्यांचं झालं. न येणाऱ्यांचं काय? खिडकीवर चित्र पाहिजे."

माझ्या मनात होते दोन बाण, एक आत जाणारा, एक बाहेर येणारा. नाना म्हणाले बाणाने कोणाचं पोट भरत नाही. आपला माणूस शेतकरी आहे, त्याला ओळखीचं काही दाखवा. पैसे भरायच्या खिडकीवर केळीचा घड काढा, कारण केळी म्हणजे भरभराट. पैसे काढायच्या खिडकीवर कापसाचं बोंड काढा, कारण बोंड फुटलं की कापूस काढतात. मंडळातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला ते कागदावर अगदी व्यवस्थित वाटलं होतं, हे मी लपवत नाही. जळगावातल्या एका पेंटरने दोन्ही चित्रं इतकी सुरेख काढली की भाऊ गाडी धुताना त्यांवर पाणी मारायला तयार होईनात.

चित्रं काढल्यावरचा पहिला बाजार धरणगावकडच्या एका गावचा होता. तो मुलूख कापसाचा. गाडी उभी राहिली, खिडक्या उघडल्या, आणि दहा मिनिटांत सगळं गाव कापसाच्या खिडकीपुढे उभं राहिलं. भरणारे, काढणारे, नुसते बघे, सगळे. केळीच्या खिडकीत मी बसले होते. माझ्यासमोर एक कुत्रं होतं.

मी मान बाहेर काढून म्हटलं, "पैसे भरायचे असतील त्यांनी इकडे या."

रांगेतल्या एका उंच माणसाने मला समजावलं. "ताई, तठे केयीवाला येतीन. आम्ही बठ्ठा कपाशीवाला शेतस."

"अहो, पण तुमचं पिकाशी काही नाही. हे पैसे भरायचं आहे."

"मंग केयी काब्र काढी?"

केळी का काढली, हे नानांनाच विचारायला हवं होतं. तेवढ्यात रांगेत वेगळीच चर्चा सुरू झाली. बोंडाचं चित्र कोणत्या वाणाचं आहे? एक म्हणे हे पाणभरतं वाण आहे, कोरडवाहूला चालायचं नाही. दुसरा म्हणे बँकेने दाखवलंय म्हणजे बँक बियाणं देणार. एक म्हातारा चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "याले अळी लागनार," आणि पेंटरने काढलेली पानाची शीर त्याने अळीच्या वाटेसारखी माग काढत सगळ्यांना दाखवली. एक मिरचीवाला दोन्ही खिडक्यांकडे बघून परत आला आणि भाऊंना म्हणाला, "मी मिरची लायेल शे. मनी खिडकी कोठे?" भाऊंनी त्याला सांगितलं, पुढच्या आठवड्यात. नदीकाठी थोडी केळी आणि माळावर कपाशी असलेला एक माणूस दोन खिडक्यांच्या बरोबर मध्ये उभा राहिला आणि दुपारपर्यंत हलला नाही.

आता अक्का. पन्नाशी उलटलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वतःच्या नावावर थोडी जमीन आणि आमच्या बँकेत स्वतःच्या नावाचं खातं असलेली ही बाई. सही येत नव्हती, अंगठा होता. आमच्याकडे अंगठेवाल्या खातेदाराला पैसे काढायचे तर कार्डावरचा फोटो जुळवण्याखेरीज दोन नियम होते. एक, बँकेच्या ओळखीच्या माणसाने साक्षीची सही करायची. दोन, काढलेली रक्कम खातेदाराला मोठ्याने वाचून दाखवायची, म्हणजे कोणी फसवू नये. नियम चांगल्या हेतूचेच होते. पण अक्काचा साक्षीदार होता तिचा धाकटा दीर, तोच मघाचा उंच माणूस. आणि आबांचा आवाज असा की त्यांनी रक्कम वाचली की पार भज्यांच्या दुकानापर्यंत जायची. अक्काने काय काढलं ते बाजाराला कळायचं आणि कशासाठी काढलं ते दीर सांगायचा.

दीर चहा प्यायला गेला तसं कोणीतरी माझ्या खिडकीच्या फळीवर टकटक केलं. अक्का होती. डोक्यावरचा पदर ओठांवर धरलेला.

"ताई, आठे कोनी नही ना?"

"कोणीच नाही. केळीवाले इथे राहत नाहीत."

तिने पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता. तिने मला नीट बघू दिलं, मग मिटलं.

"माले दात बसाडना शेतस," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. धुळ्याला लेकीकडे गेली असताना देवपुरातल्या एका दातांच्या डॉक्टरने माप घेतलं होतं. कवळी तयार होती, पैसे देऊन आणायची राहिली होती. बारा वर्षं ती भाकरी ताकात कुस्करून गिळत होती. घरी भुईमुगाच्या शेंगा भाजल्या की उठून गोठ्यात जायची. दिराला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आते काय दात करतीस, लगन करनं शे का?" आणि घरभर हसले होते. दोन दिवस हसत होते.

"पैसा मना. तोंड मनं. पन देरले कयाले नको. एकदाव तोंडमा बस्यात ना ताई, मंग कोन काढी?"

मी मागे वळून आबांकडे बघितलं. आबांनी पेटीवरून मान न उचलता सांगितलं, "साक्षीदार लागेल. आणि रक्कम मोठ्याने वाचावी लागेल."

"हळू वाचली तर?"

"नियमात मोठ्याने लिहिलंय."

दीर चहा पिऊन परत आला. अक्काने पदर ओठांवर घेतला आणि केळीच्या चित्राखालून निघून गेली.

मी जळगावला परतल्यावर अहवाल लिहिला. पाच पानी. त्यात अक्काबद्दल काही लिहिलं नाही, पण रात्री तो अहवाल मी तिच्यासाठीच लिहिला असं मला वाटत होतं. माझा तर्क सरळ होता: रांगा नीट लागल्या, कोण कुठल्या खिडकीशी का उभं आहे हे सगळ्यांना कळलं, तर गर्दी पांगेल, आणि गर्दी पांगली की आबांचा आवाज ऐकायला कोणी नसेल. साक्षीदाराचं नंतर बघू. दरम्यान रावेरकडच्या बाजारात अपेक्षेप्रमाणे उलटं झालं. तिथे सगळे केळीच्या खिडकीशी, आणि आबा बोंडाच्या खिडकीत एकटे, हातावर हात ठेवून. त्या दिवशी ते पहिल्यांदा म्हणाले, "मॅडम, चित्राचं बघा."

चित्रं बदलली. या वेळी पीक नको, पंथ नको, पक्ष नको. हाताचं चित्र सुचवलं होतं, घेणारा आणि देणारा, पण निवडणुका जवळ होत्या आणि नाना म्हणाले, "हात काढला तर निम्मं गाव गाडीकडे फिरकणार नाही, आणि उरलेलं निम्मं प्रचार करत फिरेल." मग गाय ठरली. गायीवर कोणाचा आक्षेप नसतो. एका खिडकीवर गोठ्यात शिरणारी गाय, म्हणजे पैसे आत. दुसरीवर गोठ्यातून बाहेर पडणारी गाय, म्हणजे पैसे बाहेर. याहून सोपं काय असणार? पेंटरने गाईंच्या गळ्यात घुंगुरमाळाही घातल्या, पैसे न वाढवता.

गाई रंगवून झाल्यावर आम्ही त्याच गावात पोचलो. रांग लागली. रांगेत पहिली म्हैस होती.

"डाक्टर कोठे शेतस?" म्हशीबरोबरच्या माणसाने भाऊंना विचारलं. "चार दिनतीन चारा खात नही."

भाऊ म्हणाले, "ही बँक आहे."

"ते माले माहीत शे. पन डाक्टर कोठे शेतस?"

म्हशीमागे दोन बैल, एक शेळी आणि एका टोपलीत कोंबडी. लोकांचं अनुमान अगदी नीट होतं. शिरणारी गाय आजारी, बाहेर पडणारी बरी झालेली. मी खिडकीतून सांगत होते की हे पैसे भरणं आणि काढणं आहे. एक जण म्हणाला, "हा ताई, पैसा देसूत आम्ही. फुकट कोन सांगस?" आणि दुसऱ्या एकाने खिडकीच्या फळीवर बैलाचं तोंड टेकवून त्याची पापणी मला वर करून दाखवली. डोळा खरंच आला होता. भाऊंनी कोमट मिठाच्या पाण्याने धुवा असं सांगितलं. त्यानंतर बाकीच्यांना आवरणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी फिरत्या शाखेत एकाही खातेदाराचा व्यवहार झाला नाही, आणि तीन जनावरांना गुण आला, असं पुढच्या बाजारी कळलं.

डोळा आलेला बैल अक्काच्या दिराचा होता. म्हणजे तो दिवसभर गाडीपाशीच. अक्का एकदा दुरून दिसली. मिरचीवाल्याच्या मागे उभी राहून बघत होती. मी मान हलवली, तिनेही हलवली. पुढे तिने सांगितलं की दातांच्या डॉक्टरने निरोप पाठवला होता, महिनाअखेरपर्यंत कवळी नेली नाही तर तो ती वितळवून दुसऱ्याला करील. असं करता येतं का ते मला माहीत नाही, पण अक्काचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

मला आता वाटायला लागलं होतं की मी तिला काही उपयोगाची नाही. चित्रं बदलता येतील, साक्षीदार आणि आवाज बदलता येणार नाहीत. घरी तुमच्या आजोबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "म्हैस आली होती."

महिनाअखेरचा बाजार. खिडक्या उघडायच्या आधी आम्ही तिघं आत डबे ठेवत होतो, तोच मागच्या दारावर थाप पडली. स्टेपनीच्या बाजूने. भाऊंनी दार उघडलं. अक्का उभी होती, आणि तिच्याबरोबर शेजारची एक बाई, अंडी विकणारी. बँकेत तिचंही खातं होतं.

मी म्हटलं, "अक्का, खिडक्या पुढे आहेत."

"पुढे माणसं ऱ्हातस," ती म्हणाली. "आमना बायास्ना बठ्ठा येव्हार मांगला दारकडतीन ऱ्हास, ताई. तुले माहीत नही?"

मला माहीत होतं. देवपुरात आमच्या शेजारी, पिंप्राळ्यात आमच्या चाळीत, खेड्यात तर घरोघर, ताक, उसनं पीठ, बांगड्यांबदली ज्वारी, हे सगळं मागच्या दाराने चालायचं. पुढच्या दारी बसायचं ते पुरुषांनी. मागच्या दारी कोणी पाटी लावलेली नसते, पण कुठलीही बाई तिथे चुकत नाही. हे मी रोज बघत होते आणि दोन महिने खिडकीवर काय काढावं याचा विचार करत होते.

"आबा, साक्षीदार आणलीय," मी म्हटलं.

आबांनी चष्म्यातून अंडीवालीकडे बघितलं. "हिला सही येते?"

"माले येस!" अंडीवाली म्हणाली. ती रात्रशाळेत महिनाभर गेली होती. आबांनी कागद दिला. तिने पहिलं अक्षर काढलं, मग कागद लांब धरून बघितला. दुसरं काढलं. मग वेलांटी कोणत्या बाजूला असते याचा विचार करत राहिली. भाऊ म्हणाले, "दोन्हीकडे द्या." आबा म्हणाले, "ड्रायव्हरने मध्ये बोलू नये." सही पूर्ण व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाहेर दुकानांची पालं उभी राहिली होती. आबांनी ती कार्डावरच्या नमुन्याशी ताडून बघितली. जुळली. तोही नमुना तिने तितक्याच मेहनतीने काढला असणार.

"आता मोठ्याने वाचायचं," आबा म्हणाले आणि घसा साफ केला.

अक्काने माझा हात धरला. बाहेर तिच्या दिराचा आवाज येत होता, तो कोणाशी तरी बैलाच्या डोळ्याबद्दल बोलत होता.

"आबा," मी म्हटलं, "नियमात मोठ्याने लिहिलंय. कुठे वाचायचं ते लिहिलंय का?"

आबा थांबले. त्यांनी खणातून नियमांची पुस्तिका काढली, पान काढलं, दोनदा वाचलं. "जागा दिलेली नाही," ते म्हणाले. नियमात नसलेल्या गोष्टीने ते जरा घाबरले होते.

मग आम्ही अक्काला आणि अंडीवालीला आत घेतलं. दोन्ही खिडक्या लावल्या. दार लावलं. भाऊ बाहेर राहिले. आत एप्रिल महिन्याच्या उकाड्यात आम्ही चौघं पेटीभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि आबांनी अक्काच्या नाकापासून वीतभर अंतरावरून, कायद्याला हव्या त्या आवाजात, रक्कम वाचली. पत्रा थरथरला. अक्का कानावर हात ठेवून म्हणाली, "आयकी उनं." तिने अंगठा दिला.

बाहेर आकडा कोणाला कळला नाही, पण बंद गाडीतून ओरडण्याचा आवाज आल्याने लोक धावले. कोणीतरी म्हणालं दरोडा. दीर पुढे होऊन खिडकीवर, बाहेर पडणाऱ्या गाईच्या तोंडावर, काठी आपटू लागला. भाऊ ओरडले, "अहो, काही नाही! आत हिशोब चाललाय!" मी खिडकी उघडली तेव्हा समोर तीसेक माणसं काठ्या घेऊन उभी होती. अक्का आणि अंडीवाली मागच्या दाराने उतरून गेल्या होत्या. दिराने आत डोकं घालून बघितलं. आबा नोटांना रबर लावत होते.

"कोन वरडत व्हतं?" त्याने विचारलं.

"मी," आबा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. "नियमाप्रमाणे."

पुढच्या बाजारापासून मागच्या दारी बायकांची रांग लागली. भुसावळकडच्या गावातही, यावलकडेही, कोणी कोणाला काही सांगितलं नसताना. स्टेपनी काढून टपावर टाकावी लागली. नाना मला म्हणाले, "मॅडम, मागच्या दाराने व्यवहार म्हणजे लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "नाना, तुमच्या घरी ताक कुठून देतात?" त्यांनी विचारलं, मग मागच्या दारावर कोणतं चित्र काढायचं? मी म्हटलं, काहीही काढू नका. कृपा करून काहीही काढू नका.

धाकटे, तुझ्या कामापुरतं इथे संपलं. पण अक्काचं संपलं नव्हतं.

दोन महिन्यांनी ती परत आली. या वेळी बियाण्यासाठी पैसे हवे होते, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून भर दुपारी पुढच्या खिडकीशी, दिराला बरोबर घेऊन. पदर ओठांवर. सवय राहिली होती, असं मला वाटलं. आबांनी कार्ड काढलं. प्रत्येक खातेदाराच्या कार्डावर फोटो लावलेला असायचा.

"तोंड दाखवा," आबा म्हणाले.

अक्काने पदर सोडला आणि हसली. वर-खाली पांढरे, एका मापाचे, चकचकीत दात. गाल भरलेले. दहा वर्षांनी लहान दिसत होती.

आबांनी फोटो बघितला. अक्काकडे बघितलं. परत फोटो बघितला. "ही ती बाई नाही," ते म्हणाले.

"आबा, मी ओळखते त्यांना!" मी म्हटलं. "तुम्ही पण ओळखता. तुम्ही त्यांच्या कानात ओरडला आहात."

"मी ओळखतो. फोटो ओळखत नाही."

पण सगळ्यांत मोठा धक्का दिराला बसला होता. तो तोंड उघडं ठेवून बघत होता. दोन महिने एका घरात राहून त्याने हे दात पाहिलेच नव्हते. तो घरात असला की अक्का ते काढून ठेवायची, गोठ्यात जाऊन लावायची आणि शेंगा तिथेच खायची.

"वहिनी! हाई काय?"

"दात शेतस. देखेल नही का कधी?"

"देख्यात. पन तुमना तोंडमा नही!"

रांग हसायला लागली. कोणीतरी मागून म्हणालं, "अक्का, लगन कवय शे?" अक्काने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुना बाप हा म्हनी तवय." मग रांग त्याला हसली.

आबा कार्ड धरून बसले होते. फोटोशी जुळल्याशिवाय पैसे देता येत नव्हते आणि बियाणं तर आजच हवं होतं. अक्काला ते कळलं. जे कोणी काढू शकणार नाही म्हणून तिने एवढं केलं होतं, ते तिने भर बाजारात स्वतःच्या हाताने काढलं. वरची कवळी फळीवर ठेवली, शेजारी खालची. गाल आत गेले. तिने आबांकडे बघितलं.

"आता बरोबर," आबा म्हणाले आणि पैसे मोजले.

अक्काने भाऊंच्या तांब्यातल्या पाण्याने दात धुतले, परत बसवले, आणि नोटा कमरेला खोचल्या. मला वाटलं आता दीर काहीतरी बोलेल, रागावेल. तो फळीपाशी तिच्याजवळ सरकला. मग हळूच, पण मला ऐकू येईल असं, तो म्हणाला, "वहिनी, डाक्टर कोठे बसस तो?" मी तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. वरचे पुढचे चार नव्हते.

दीर धुळ्याला जाऊन आला. अंडीवालीही गेली. मिरचीवाला गेला. वर्षभरात त्या गावच्या बाजारी आमच्या खिडकीच्या फळीवर लोक आधी दात काढून ठेवायचे, मग पासबुक. एकदा दोन कवळ्यांची अदलाबदल झाली आणि ती मिटवायला अर्धा दिवस गेला. शेवटी आबांनी मुख्य कचेरीला पत्र लिहिलं: खातेदार दात बसवीत असल्याने ओळख पटविण्यात अडचण येते, मार्गदर्शन व्हावे. मंडळात ते पत्र वाचलं गेलं तेव्हा मी हजर होते. सगळे हसत होते. फक्त नाना हसत नव्हते. त्यांनी कारकुनाला त्यांचं स्वतःचं कार्ड आणायला सांगितलं, फोटो निरखून बघितला आणि विचारलं, "यात माझे कोणते आहेत?"

ठराव त्याच बैठकीत एकमताने झाला. कार्डावर दोन फोटो लावावेत आणि फोटोखाली तशी नोंद असावी. नोंदीचे शब्द मला लिहायला सांगितले, कारण मी इंग्रजी घेऊन बी.ए. होते.

फिरती शाखा पाच-सहा वर्षांनी बंद पडली आणि गाडी भंगारात गेली. आबा निवृत्त होऊन धुळ्याला गेले, पुढे वारले. नाना गेले. अक्का ऐंशी पार करून गेली. तिच्या लेकीने मला सांगितलं की शेवटच्या वर्षीही ती शेंगा खायची, ओसरीवर, सगळ्यांसमोर.

बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. फॉर्म तीनदा नव्याने छापले, एकदा संगणकावर चढवले. दर वेळी कोणीतरी जुन्या फॉर्मवरून नवा उतरवला असणार. मागच्या महिन्यात मी जळगावच्या शाखेत खात्याची माहिती नव्याने भरून द्यायला गेले होते. फोटोच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत ती ओळ अजून आहे: "दातांसह / दातांविना. लागू नसेल ते खोडावे."